राहिलेल्याची माती

ठेवा गा ते मोबाईल बाजूले. लाईन गेली त दोन मिनिटं बसवत नाही तुमच्यानं? शुभम, तू इकडं सरक. हिमांशु, दाराकडं पाठ करून बसू नको. का म्हणजे? मी सांगून राहिलो म्हणून.

भुताची गोष्ट पाहिजे म्हणता. माह्यापाशी तशी गोष्ट नाही. एकतीस वर्षं एसटी चालवली मी, देवरी-चिचगड रात्रपाळी केली, मले काही दिसलं नाही. कधी कोल्हं दिसलं, कधी दारुडे दिसले. पण हे जे सांगतो ते माह्या घरचं आहे. कुंदाबाई माही चुलत बहीण. तिचा पोरगा खेमराज, म्हणजे माहा भाचा, नागपुरात नोकरी करते. त्याच्या तोंडून ऐकलं, त्याच्या मायच्या तोंडून ऐकलं, दोघांचंही सारखंच निघालं. खोटं असलं त माह्या मिशा काढून घ्या.

मागच्या वर्षीची गोष्ट. अठरा नोव्हेंबर, मंगळवार. तारीख मले पाठ आहे.

खेमराजनं नवी गाडी घेतली होती. पांढरी, सीटावरची पन्नीही काढली नव्हती पठ्ठ्यानं. त्याच्या मूळ गावाले मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. कुंदाबाईले तिच्या जावेले, मंदाबाईले, मंडईचं लुगडं न्यायचं होतं. खेमराज म्हणे, नुसतं लुगडं द्यायले कायले जाता, चला सगळेच जाऊ, फिरत फिरत. निघाले सकाळी नागपूरहून. खेमराज, त्याची बायको नीतू, कुंदाबाई अन् डिंपल, खेमराजची पोरगी, सहा वर्षांची. चौघं. नवेगावबांध पाहिलं, तिथं फोटो काढले शंभर-दीडशे, मंग कोहमाऱ्याले ढाब्यावर जेवले. साडेसात वाजता माह्या घरी, हे ह्याच अंगणात, चहाले थांबले.

नीतूनं चहा घेतला नाही. मी म्हटलं, काऊन वो सूनबाई, मामाच्या घरचा चहा गोड नाही लागत का? हासली बिचारी. म्हणे, मामाजी, सकाळपासून कशाचा वासच सहन नाही होऊन राहिला. गाडी लागली असन, असं आम्हाले वाटलं. लिंबू देलं मी तिले.

निघताना कुंदाबाई मले म्हणाली, "भाऊ, आज डिंपलची माती टाकून घेतो. सहा वर्षं झाले, हा खेमा आज करू, उद्या करू म्हणते."

आता हे तुम्हाले समजलं पाहिजे, नाही त पुढचं सगळं वाया. खेमराजचे लोक कोहळी. त्यांच्या आज्या-पणज्यांनी तलाव बांधले. तो गावचा तलाव त्याच्याच खापरपणज्यानं बांधला असं सांगतात. गावाचं नाव मी सांगत नाही, विचारू नका. त्यांच्या घरात रीत अशी, की घरात नवं माणूस आलं, सून आली का लेकरू झालं, की त्याले तलावावर न्यायचं. काठचा ओला चिखल घ्यायचा, मुठीत दाबून ढेला करायचा, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ठेवायचा अन् नाव सांगायचं. यालेच माती टाकणं म्हणतात. झालं. नीतूनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ठेवला होता. लेकरू लहान असलं त मायनं त्याचा हात आपल्या हातात धरायचा, पण माती लेकराच्याच हातची पाहिजे. दुसऱ्या कोणी टाकायची नाही.

काऊन नाही? हेच विचारलं होतं मी कुंदाबाईले, ती लग्न होऊन त्या घरी गेली तेव्हा. ती म्हणाली, "ज्याच्या हातानं माती पडते, लेकरू त्याचं होते."

तर निघाले. चिचगड मागं गेलं. पुढं जंगल लागते, माहीत आहे तुम्हाले. अमावास्येला एकच दिवस राहिला होता, चांदणं कुठलं. पावणेनऊले पाळीवर पोचले. रस्ता पाळीवरूनच आहे, आता डांबरी झाला. एका बाजूनं पाणी, एका बाजूनं धानाचे बांध. पाळ संपली की किलोमीटरभर पुढं गाव. मंडईच्या लाउडस्पीकरचा आवाज येऊन राहिला होता.

कुंदाबाई म्हणे, "खेमा, थांबव."

"उद्या सकाळी करू न माय. पोरगी झोपली आहे."

"उद्या तू नागपूरले पळशीन. थांबव."

थांबवली. कुंदाबाईचे गुडघे गेलेले, तिच्यानं उतार उतरवत नाही. ती गाडीतच बसली. नीतूले मळमळत होतं, ती पण बसली. खेमराजनं झोपलेल्या डिंपलले खांद्यावर घेतलं अन् उतरला. थंडी अशी, की दातावर दात. खाली चिखल. पायात नवे बूट. अन् पोरगी जागी झाली असती त रडून गाव गोळा केलं असतं.

तो पाळीच्या मागं अंधारात उभा राहिला. दोन मिनिटं मोबाईल पाहत. मंग वापस आला.

"टाकली?" मायनं विचारलं.

"टाकली."

"नाव सांगितलं?"

"सांगितलं न माय! बसू दे आता."

सख्ख्या मायशी खोटं बोलला गाढव. मी मामा आहे म्हणून बोलतो, त्या टायमाले मी तिथं असतो त कानफटात देली असती.

गाडी चालू केली. पाळ संपली. समोर गाव यायले पाहिजे होतं. रस्ता एकच आहे, फाटा नाही. दोन मिनिटं झाली, चार झाली. लाउडस्पीकरचा आवाज बंद झाला होता. खेमराजले वाटलं, पोट्ट्यांनी गाणं बदलवाले बंद केलं असन.

अन् डाव्या हाताले पाणी दिसलं.

पाळ.

तीच पाळ. मघाशी जिथं गाडी उभी केली होती तिथं चाकाचे ओले निशाण पडले होते, तेही दिसले. खेमराज म्हणे, मामा, मले वाटलं आपणच वळण चुकलो. पण मामा, वळणच नाही तिथं.

यावेळी पाळीच्या कडेले एक बाई उभी होती. डोक्यावर घमेलं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोसलेलं, कामावरच्या बायका खोसतात तसं. नीतू म्हणाली, "एवढ्या रात्री कोण काम करून राहिलं वो?"

गाडी पुढं गेली. पाळ संपली.

अन् पुन्हा डाव्या हाताले पाणी.

बाई आता रस्त्यापाशी होती.

कुंदाबाईनं मागून खेमराजच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "खेमा... माती टाकली न?"

"टाकली."

"माह्या गळ्याची आण?"

तो गाडी चालवत राहिला.

तिसऱ्यांदा पाळ आली. बाई रस्त्याच्या मधोमध. त्यानं ब्रेक मारला. लाईट तिच्या अंगावर पडला, पण तोंड दिसलं नाही. घमेल्यातून पाणी गळत होतं. थेंब... थेंब... रस्त्यावर.

डिंपल उठली. झोपेतून नाही वाटली, म्हणे. कधीची जागी असल्यासारखी. काचेतून पाहून म्हणाली, "आजी, ते बाई आपल्याले मोजून राहिली."

बाईचा एक हात वर होता. बोटं हालत होती.

एक... दोन...

मंग आवाज आला. काचा बंद होत्या, तरी आला. साधा आवाज. शेजारीण बोलते तसा.

"दोघं राहिले."

अन् खेमराज रडायले लागला. बत्तीस वर्षांचा माणूस. "नाही टाकली माय... मी नाही टाकली... खोटं बोललो..."

कुंदाबाईनं त्याले शिवी नाही देली. हातही नाही लावला. ती म्हणाली, "दार उघड. डिंपलले दे माह्याजवळ. तू बॅटरी दाखव."

"माय, तुह्यानं उतरवणार नाही."

"उघड म्हटलं न!"

ज्या बाईच्यानं संडासाची पायरी चढवत नाही, ती बाई नातीचा हात धरून, बसत, घसरत, त्या उतारानं काठापर्यंत गेली. खेमराज मागं बॅटरी घेऊन. वळून पाहायची हिंमत नव्हती त्याची. डिंपलनं चिखल घेतला, मुठीत दाबला. वर येऊन पाळीवर ढेला ठेवला. कुंदाबाई ओरडली, सगळ्या तलावाले ऐकू जाईन असं, "डिंपल खेमराज कापगते! आमची आहे! आमच्या घरची आहे!"

वळले त रस्ता मोकळा. बाई नव्हती. दूर कुठं तरी मंडईचं गाणं वाजत होतं, जसं काही बंदच झालं नव्हतं. कुंदाबाई तिथंच चिखलात बसली अन् नातीले छातीशी धरून हमसून हमसून रडली.

पण एक गोष्ट राहिली. गाडीत नीतू एकटी होती न.

हे लोक वापस आले तेव्हा ती सीटावर अंग चोरून बसली होती. पांढरीफटक. खेमराज म्हणे, झालं सगळं, घाबरू नको. ती म्हणाली, "ती माह्या खिडकीपाशी आली होती..."

"काय म्हणाली?"

"चांगलं बोलली. म्हणे, 'बाई, राहिलेल्याची मी टाकून देऊ का?'"

कुंदाबाईनं विचारलं, "मंग? तू काय म्हटलं?"

"मले वाटलं डिंपलचं विचारून राहिली. मी घाबरली होती आत्याबाई... मी म्हटलं, हो... टाका..."

पाच मिनिटांत गाव आलं. मंदाबाईले लुगडं देलं, जेवले, झोपले. झोपले म्हणजे, डोळे मिटून पडले.

सकाळी कुंदाबाईनं खेमराज-नीतू दोघांनाही पाळीवर नेलं. डिंपलचा ढेला होता तिथंच, तिच्या पाच बोटांचे ठसे त्याच्यावर. अन् त्याच्या बाजूले...

दुसरा ढेला.

लहानसा. बोराएवढा. त्याच्यावरही पाच ठसे होते. तांदळाच्या कणीएवढे. अन् त्या ठशांवरून, सगळा ढेला झाकून, एका मोठ्या बाईच्या बोटांचे ठसे. जसा मायनं हात धरावा लेकराचा.

कुंदाबाईनं नीतूले बाजूले नेलं. विचारलं, "बाई, तुले दिवस गेले का?" नीतू म्हणे, नाही जी आत्याबाई, मले त काही माहीत नाही. बारा दिवसांनी नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं. महिना होऊन गेला होता.

काय म्हणतो हिमांशु? उचलून फेकून काऊन नाही देला? खेमराज उचलाले गेलाच होता. कुंदाबाईनं त्याचा हात धरला. म्हणाली, "तो ढेला उचलशीन त काय उचलशीन, हे तुले माहीत आहे का?" नाही माहीत. मलेही नाही माहीत. नीतूनं तिथंच चिखल घेऊन पोटाले हात लावून आपला एक ढेला ठेवला बाजूले, रडत रडत नाव सांगाले गेली... पण नाव कुठलं सांगणार? नाव नव्हतं न अजून.

आता मे चालू आहे. नीतूले आठवा महिना. डॉक्टर म्हणते सगळं चांगलं आहे. कुंदाबाई रोज फोन करते मले. नुसतं म्हणते, भाऊ, जाऊन पाहून ये न एकदा.

काल गेलो होतो. दिवसा, बारा वाजता, उन्हात. तलाव आटला आहे, मधात तेवढं डबकं राहिलं. पाळीले हात हात भेगा. डिंपलचा ढेला वाळून भुगा झाला, नीतूचाही झाला.

तो दुसरा मात्र होता.

बोट लावलं मी. ओला. थंड.

अन् शुभम... बोराएवढा होता म्हणे न नोव्हेंबरात. आता माह्या मुठीएवढा आहे. वरचे ठसेही वाढले. नुकत्या झालेल्या लेकराच्या हाताएवढे झाले आहेत.

मोठ्या बाईचे ठसे तेवढेच आहेत. धरून.