राखून ठेवलेली खुर्ची

थोरलीच्या ऑफिसात घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार होत. मिक्सर, पंखे, वॉशिंग मशीन. आधी झाकण लावा, मग बटण दाबा. या क्रमात एक पायरी सुटली तर कुणाचं तरी बोट जायचं, म्हणून थोरली प्रत्येक वाक्य डोळ्यांत तेल घालून तपासायची. चार वर्षं हे काम ती घरूनच करत होती. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्यांच्या पलंगाला लागूनच तिचं टेबल मांडलं गेलं. एका हाताने वाक्य दुरुस्त करायचं, दुसऱ्या हाताने त्यांना पाणी पाजायचं. यातलं खरं काम कुठलं असं कुणी विचारलं असतं, तर तिने पलंगाकडे बोट दाखवलं असतं.

घरून काम करण्याची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागे. यंदा अर्जाला उत्तर आलं ते असं : ‘आपण रोज कार्यालयात हजर असता. त्यामुळे परवानगीची गरज दिसत नाही.’

थोरलीला आधी हसूच आलं. स्वतःच्या घरातून बाहेर पडायला तिला महिन्यातून दोनदा सवड मिळायची, तीही औषधं आणायला. तिने हजेरीबाईंना फोन लावला. बाईंचं खरं पद लांबलचक होतं, पण सगळ्यांच्या हजेरीवर त्यांचा डोळा असायचा, म्हणून हे नाव.

“अहो, असं काय करता?” हजेरीबाई म्हणाल्या. “काल लिफ्टमध्ये भेटलो की आपण.”

“काल मी घरी होते.”

“बरं,” बाई म्हणाल्या. आजारी माणसाशी बोलताना लोक म्हणतात तसं. “उद्या समक्षच या. परवानगीचं काय ते मिटवून टाकू.”

परवानगी गेली तर बाबांना कुणाच्या भरवशावर सोडायचं? पगारी बाई ठेवून पाहिली होती. परक्या हाताने भरवलेला घास ते तोंडात तसाच धरून ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेजारच्या काकूंना येऊन बसायला सांगितलं. लॅपटॉप टेबलावर तसाच बंद करून ठेवला.

“अगदी निर्धास्त जा,” काकू म्हणाल्या. “मी हलत नाही इथून.”

“लव...कर,” वडील म्हणाले. झटक्यानंतर एकेक अक्षर ते असं ओढून आणत.

ऑफिसच्या दारातल्या पहारेकऱ्याने तिचं ओळखपत्र मागितलं नाही. नुसती मान हलवली, रोजच्या माणसाला हलवतात तशी. चार वर्षांत भिंतींचा रंग बदलला होता, टेबलांची तोंडं फिरवली होती, आणि तरी जाता जाता दोघा-तिघांनी तिला न बघताच ‘काय ताई’ केलं. थोरली गोंधळून गेली. ही माणसं आपल्याला कुणीतरी दुसरीच समजताहेत, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

बैठकीच्या खोलीत चित्रकार एकटाच बसला होता. पुस्तिकांमधली आकृत्यांची कामं त्याची. थोरलीला बरं वाटलं. गेल्या वर्षापर्यंत, फोनवर का होईना, याच्याशी तिचं रोज बोलणं व्हायचं. टेबलाभोवती आठ खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीच्या पाठीवर तिच्या नावाची चिठ्ठी होती.

ही इथली जुनी पद्धत. घरून काम करणाऱ्यांना बैठकीत विसरायला होतं, एकदा तर त्या नादात ‘आधी प्लग काढा’ ही पायरीच छापायची राहिली होती. तेव्हापासून घरच्या प्रत्येक माणसासाठी एक खुर्ची रिकामी ठेवत. तिच्यावर कुणी बसायचं नाही. मत विचारायचं तर खुर्चीकडे बघून विचारायचं; मग टेबलावरच्या स्पीकरमधून घरचा माणूस उत्तर देई.

“माझ्या खुर्चीवर कोण बसतं?” थोरलीने विचारलं.

चित्रकार हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला.

“ताई, तुम्हीच बसता. गेल्या वर्षीपासून.”

“मला नीट सांग.”

त्याने खाली मान घालून पेन्सिल फिरवली. “पंख्याच्या पुस्तिकेची बैठक होती. साहेबांनी नेहमीसारखं खुर्चीला विचारलं, ताई तुमचं काय मत? तुम्ही सांगितलं, तिसरी पायरी आधी घ्या. बरोबर होतं तुमचं. बैठक संपल्यावर माझ्या लक्षात आलं की स्पीकर लावायचा राहिलाच होता.”

“मग?”

“मग काही नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही यायलाच लागलात. आम्हाला वाटलं, बाबांना बरं वाटलं असेल.”

थोरलीने खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. ती उबदार होती. कुणी आत्ताच उठून गेलं असावं इतकी.

एवढ्यात हजेरीबाई आल्या. त्यांनी संगणकावर दारातल्या कॅमेऱ्याची चित्रं दाखवली. सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही दिवस पावणेदहाला थोरली आत येत होती. तिचाच करडा कुर्ता, तिचीच एका खांद्याने वाकून चालण्याची ढब, चार वर्षं वडिलांना उठवून बसवताना आलेली. आरशात बघावं तसं तिने ते बघितलं.

“या तिन्ही दिवशी मी घरून काम केलंय,” ती कशीबशी म्हणाली. “त्याचीही नोंद असेल.”

“आहे ना. तोच तर घोळ आहे.” बाईंनी दुसरं पान उघडलं. घरून कामाला बसलेल्या माणसाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागे. “आणि ताई, नोंद खोटी म्हणावी तर कशी? तुमचं घरचं काम आजही सुरू आहे की.”

थोरलीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. सकाळी नऊ पन्नासपासून.

“माझा लॅपटॉप घरी आहे,” ती म्हणाली. “बंद.”

“हे बघा, मला काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही,” बाई थकून म्हणाल्या. “घरी माणूस लागतं ना तुम्हाला? मग ज्या घरी आहेत त्यांना घरची परवानगी. झालं तुमच्या मनासारखं.” त्यांनी कागदावर सही केली.

थोरलीने कागदाला हात लावला नाही. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये आली आणि काकूंना फोन लावला.

“काकू, बाबा कसे आहेत?”

“म्हणजे काय? तुला ठाऊक.” काकूंच्या मागे त्यांच्याच घरातलं घड्याळ वाजत होतं.

“तुम्ही तिथे नाही आहात?”

“अगं, गेलीस आणि दहा मिनिटांत परत आलीस ना? जा म्हणालीस, मी आले घरी. बरी आहेस ना तू?”

तिने फोन बंद केला. घरचा नंबर दोनदा चुकला.

तिसऱ्यांदा लागला. बराच वेळ वाजत राहिला.

“कोण बोलतंय?”

वडिलांचा आवाज होता. सलग, स्वच्छ. चार वर्षांत तिने तो तसा ऐकला नव्हता.

“बाबा, मी आहे. मी निघालेय. तुमच्याजवळ कोण आहे?”

“माझी मुलगी आहे.”

“बाबा, मी तुमची मुलगी. माझा आवाज ओळखा. बाबा.”

पलीकडे पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. वडील दोन घोट सावकाश प्यायले.

मग फोनपासून तोंड वळवून ते कुणाला तरी म्हणाले, “कुणी बाई आहे. रडतेय बिचारी. ठेवू का?”

उत्तर तिला ऐकू आलं नाही. वडिलांना आलं असावं. त्यांनी फोन ठेवला.