अखंडस्वर

“भोंगा वाजल्यावर दहा मिनिटांत किती माणसं घराबाहेर आली?” डॉ. यशोधन आंबर्डेकरांनी विचारलं.

“एकशे चाळीस घरांतून सदतीस,” सुनेत्रा मुळगावकर म्हणाल्या. “त्यातली नऊ आमचीच.”

सुनेत्रा कारंबवणे अणुवीज केंद्राच्या सुरक्षा अधिकारी, आणि आंबर्डेकर मुद्दाम बोलावून घेतलेले ध्वनितज्ज्ञ. धोक्याच्या भोंग्याची चाचणी इथे बारा वर्षं रोज सकाळी अकराला होत असे. आज तो न कळवता साडेनऊला वाजवला होता. किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायकांनी तो ऐकला, आणि लगबगीने सगळे बांगडे उलटे करून ठेवले. त्यांच्यातल्या चंद्रभागा तांडेलांना सुनेत्रांनी जाब विचारला, तर उलट त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं.

“भोंगो झालो म्हणजे बांगडे परतूची येळ. तेवा पळूचा कित्याक?”

आंबर्डेकर हसले नाहीत. याला ते सरावबधिरता म्हणत. रोजचा आवाज मेंदू ऐकेनासा होतो. भोंगा कितीही मोठा केला तरी चार महिन्यांत पुन्हा तेच.

“मग उपाय?”

“पंखा चालू असताना तुम्ही गाढ झोपता. वीज गेली की जाग का येते?”

“पंखा थांबतो म्हणून.”

“तेच. सततचा आवाज मेंदू ऐकत नसला, तरी तो चालू आहे याची नोंद ठेवत असतो. गावात एक खर्जातला स्वर अहोरात्र चालू ठेवू. आठवड्याभरात लोक तो विसरतील. धोका आला की बंद करू.”

“आणि यंत्रच बिघडलं तर?”

“तर स्वर थांबेल आणि लोक बाहेर पडतील. फुकटचा इशारा मिळेल, पण इशारा चुकणार नाही.”

सुनेत्रांना खोट काढता आली नाही. अखंडस्वर सुरू झाला. आंबर्डेकर गावातच खोली घेऊन राहिले. दर महिन्याच्या चाचणीत स्वर थांबला की हातातलं काम टाकून गाव बाहेर येई. चंद्रभागाबाईसुद्धा मासळीवर कावळ्यांना सोडून येत. आंबर्डेकरांची मान ताठ झाली होती, आणि तसं होणं काही चूक नव्हतं.

दोन वर्षांनी केंद्रात खरोखरच गळती झाली. स्वर थांबला, आणि सात मिनिटांत गाव रिकामं झालं. गावामागच्या उंच, उघड्या सड्यावरच्या जाड भिंतींच्या निवारागृहात सहाशे माणसं सुखरूप पोचली. इतक्यात वारा फिरला. किरणोत्सारी हवा सड्यावरून जाणार होती. चार वाजेपर्यंत दारं उघडायची नाहीत, असं सुनेत्रांनी रेडिओवरून बजावलं. तेव्हा अकरा वाजले होते.

कुणी खाली बसेना. चंद्रभागाबाईंची आठ महिन्यांची नात रडून काळीनिळी झाली. माणसं दाराकडे सरकू लागली. बाहेर मरण आहे हे सगळ्यांना सांगून झालं होतं, पटलंही होतं, पण पाय ऐकत नव्हते. आंबर्डेकरांचं स्वतःचं पाऊलही दाराकडे पडलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. स्वर नाही म्हणजे असाल त्या घरातून बाहेर पडा, एवढंच त्यांनी या लोकांच्या अंगी बाणवलं होतं. आणि इथे तो स्वर नव्हताच.

त्यांनी मोबाईलवर स्वर लावून पाहिला. त्या एवढ्याशा स्पीकरातून खर्ज उमटेना. दाराची कडी कुणीतरी धरली होती. शेवटी त्यांनी ओठ मिटले आणि तो स्वर स्वतःच गुणगुणायला सुरुवात केली.

कडीवरचा हात खाली आला. पोर हुंदके देत झोपलं. माणसं भिंतीला टेकली. आंबर्डेकर श्वास घ्यायला थांबले मात्र, सहाशे माणसं एकदम उभी राहिली.

चंद्रभागाबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. “डॉक्टरानू, तुमी जरा दम खावा. आता मी धरतंय.”

त्यांच्या घोगऱ्या आवाजात स्वर पुन्हा लागला. मग शेजारणीने धरला, मग चंद्रभागाबाईंच्या मुलाने. एकाचा श्वास संपायच्या आत दुसरा उचलायचा, असं करत सगळं निवारागृह घुमू लागलं. आंबर्डेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चार वाजता सुनेत्रांनी बाहेरून दार उघडलं. हवा निवळली होती, बसगाड्या उभ्या होत्या. त्यांनी दोनदा हाका मारल्या. कुणी जागचं हललं नाही.

“डॉक्टर, यांना थांबायला सांगा.”

आंबर्डेकरांना सगळं कळत होतं. थांबा म्हणायला आधी स्वतः थांबायला हवं होतं, आणि तेच आता त्यांना जमत नव्हतं. त्यांनी मान हलवली, सुनेत्रांकडे केविलवाणं पाहिलं आणि ते गुणगुणत राहिले.