हिरवी बाजू

निर्मलाताई, हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आलात आणि नेमक्या या खोलीत डोकावलात. विचारलंतच, तर सांगते. नाही, आत नको. इथे दाराशीच बसा.

हा घरातला बार म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सलीलचं खूळ. न्यू टाउनमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा मला देवघर हवं होतं, त्याला जहाज. खिदिरपूरच्या गोदीजवळ मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान मिळतं. तिथून त्याने पितळी घंटा आणली, ती गोल खिडकी आणली आणि हा फळा. फळ्यावर प्रत्येक खलाशाच्या नावाची पट्टी असायची. हिरवी बाजू दिसली की माणूस जहाजावर, लाल दिसली की किनाऱ्यावर उतरला. सलील पाहुण्यांच्या नावांच्या पट्ट्या रंगवायचा. आल्यावर घंटा वाजवून पट्टी हिरवी करायची, निघताना लाल. पाहुणे जाम खूश व्हायचे. न पिणाऱ्यांना मी त्याच दिमाखदार ग्लासात कोकम सरबत द्यायचे, कुणाला परकं वाटायला नको म्हणून.

फक्त एक जुनी पट्टी निघत नव्हती. नाव पुसलेलं, हिरवी बाजू वर. तेल घातलं, पक्कड लावली, पण ढिम्म हलली नाही.

मागच्या डिसेंबरातला रविवार होता. माझा धाकटा भाऊ अमेय इथल्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला लागून महिना झाला होता आणि रोज पुण्याला परत जायचं म्हणत होता. त्याचं मन रमावं म्हणून दुपारचं जेवण ठेवलं. सलीलच्या बँकेतले प्रभाकरराव आणि त्यांच्या शैलावहिनीही होत्या. अमेय खूप दिवसांनी पोट धरून हसला. इतकं बरं वाटलं हो मला.

पाचला सगळे निघाले. प्रभाकररावांनी आपली आणि वहिनींची पट्टी लाल केली, अमेयची तशीच राहिली. बूट घालता घालता अमेय थबकला.

"ताई, मोबाईल आत राहिला."

तो अनवाणीच आत गेला. मी दार धरून उभी. आतून डिझेलचा आणि कुजक्या खाऱ्या पाण्याचा वास आला... मग अमेय बाहेर आला. माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ लिफ्टमध्ये शिरला.

"अरे, बूट!" मी ओरडले, पण लिफ्ट गेली होती. फरशीवर ओली पावलं उमटली होती.

मी आत धावले. जुनी पट्टी लाल झाली होती आणि अमेयची हिरवीच होती. उलटवायला गेले तर हलेना. सलीलने पक्कड लावली, तरी हलेना.

थोड्या वेळाने फोन वाजला. "ताई, पोचलो." आवाज अमेयचाच. "किती वर्षांनी पाय जमिनीला लागले..."

आणि तेवढ्यात त्या गोल खिडकीच्या काचेवर टकटक झाली. पलीकडून. मागे नुसती भिंत आहे हो, निर्मलाताई!

"ताई... मी इकडे आहे... फार पाणी आहे गं..."

सलीलने खिडकी उचकटली. मागे विटा आणि प्लास्टर.

वर्ष झालं. अमेयच्या रूपातला तो दुसरा ऑफिसला जातो, आईला रोज फोन करतो. आई म्हणते, अमेय किती समंजस झालाय. तिला काय सांगू? तो आमच्या घरी पाऊल ठेवत नाही. "ताई, बाहेरच भेटू," म्हणतो. माझ्या भावाचे बूट अजून दाराशीच आहेत. खिडकी पुन्हा बसवून घेतली, दर रविवारी तिच्यासमोर कोकम सरबत ठेवते, सकाळी ग्लास रिकामा असतो.

तो जुना खलाशी सुटला तो अमेयला अडकवून, हे कळायला मला वेळ लागला नाही. खोटं कशाला बोलू? कधीकधी मनात येतं, बोलवावं कुणाला तरी जेवायला... पण नाही. तेही कुणाचं तरी लेकरूच. म्हणून बाकीच्या सगळ्या पट्ट्या मी फेकून दिल्या. आता फळ्यावर जुनी लाल पट्टी आणि एकटा अमेय.

काय म्हणालात? तीन दिसतात?

निर्मलाताई, उठा. चपला घाला आणि आत्ताच्या आत्ता निघा. ती पट्टी मी नाही रंगवली. सलील परवापासून दौऱ्यावर आहे. हो, तुमचंच नाव आहे, हिरव्या बाजूवर. रंग अजून ओघळतोय... आणि अक्षर अमेयचं आहे.