न लिहिलेला शोधनिबंध

त्या काळात शास्त्रज्ञ भेटले की कामाविषयी फारसे विचारत नसत; ‘सहाध्यायी’वर तुम्हाला किती जण वाचतात, हे विचारत. ‘सहाध्यायी’ हे एका कंपनीचे संकेतस्थळ. जगभरातले संशोधक तिथे आपले निबंध ठेवत, इतरांचे वाचत, ओळखी वाढवत, आणि सगळे फुकट. विद्यापीठांची मुक्तभांडारेही होती. तिथे निबंध ठेवला की त्यावर तारीख पडे आणि तो कायमचा सर्वांचा होई. कोण वाचतो आहे हे भांडार विचारत नसे. पण ते कुणाचे कौतुकही करत नसे, त्यामुळे तिकडे फारसे कुणी फिरकत नसे.

डॉ. वसुधा कारखानीस सांगलीजवळच्या एका संस्थेत कंदकुजीवर काम करत होत्या. जमिनीत वाढणारा हळदीचा गड्डा सडवणारा हा रोग. रानआल्याच्या मुळांवर राहणारा एक जिवाणू हळदीच्या मुळांवर वसवला तर सड थांबते, असे त्यांच्या लक्षात आले होते. प्रयोगाच्या कुंड्या त्यांनी घराच्या गच्चीत ठेवल्या होत्या आणि निबंधाची एक ओळही अजून लिहिली नव्हती. हे ठाऊक होते एकट्या शशांक बोरगावेला. तो कित्येक वर्षे शेजारच्या टेबलावर बसणारा, त्यांच्या डब्यातली चटणी हक्काने घेणारा सहकारी.

“ताई, जेवढं झालंय तेवढं भांडारात टाकून द्या,” तो म्हणाला होता. “तारीख पडली की दुसऱ्या कुणाला हक्क सांगता येणार नाही. शेतकऱ्यांना फुकट वापरता येईल.”

“अर्धवट काम कोण वाचणार? एक हंगाम जाऊ दे,” वसुधा म्हणाल्या.

हंगाम संपायच्या आत एका परदेशी बियाणे कंपनीने पेटंटसाठी अर्ज केल्याचे जाहीर झाले. तोच जिवाणू, तेच रानआले, तीच हळद.

वसुधांना त्यानंतर शशांकच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसू लागले. फोन आला की तो व्हरांड्यात का जातो? भांडाराचा आग्रह तरी त्याने का धरला होता? उद्या कुणी विचारलेच तर आपण भल्याचेच सांगितले, असे म्हणता यावे म्हणून? त्यांनी संचालकांकडे तक्रार केली. चौकशीत काही निघाले नाही, तरी शशांकला प्रकल्पातून काढण्यात आले. टेबल आवरताना तो एवढेच म्हणाला, “ताई, आधी मला विचारायचं होतंत.” मग तो गाव सोडून गेला.

काही दिवसांनी संस्थेतली संगणकशास्त्रज्ञ रेहाना मुजावर त्यांच्याकडे आली.

“मॅडम, तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगितलं नाहीत, पण याविषयी वाचलंत ना?”

“वाचणारच की. पण वाचण्यावरून मनातलं कसं कळेल?”

“बाजारात कुणी मुंडावळ्या, हळकुंडं, रुखवताचं सामान घेताना दिसलं तर तुम्ही काय समजता?”

“घरात लग्न आहे.”

“तसंच हे. कुठला निबंध उघडलात, कुठल्या आकृतीवर थांबलात, कुठलं पान पुन्हा वाचलंत, हे सगळं ‘सहाध्यायी’कडे नोंदलं जातं. असं वाचणारा माणूस पुढे काय लिहितो, हे त्यांचं यंत्र लाखो संशोधकांवरून शिकलंय. आम्ही याला विचारछाया म्हणतो. वळणावर माणूस दिसायच्या आधी त्याची सावली दिसते, तशी. ती सावली ते विकतात.”

वसुधांचा विश्वास बसला नाही. ही शशांकची बाजू घ्यायला आली असेल, असेही त्यांच्या मनात आले. म्हणून त्यांनी एकट्यानेच परीक्षा घ्यायची ठरवली. आंबेहळदीच्या अर्काने पानवेल वाळवणारा मर रोग थांबतो, ही कल्पना साफ चुकीची आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. तीच खरी मानून त्या ‘सहाध्यायी’वर वाचत राहिल्या. ही गोष्ट त्यांनी रेहानालाही सांगितली नाही.

पुढच्या हंगामात त्याच कंपनीने त्या चुकीच्या कल्पनेवरही अर्ज केला.

वसुधा गडहिंग्लजला गेल्या. शशांक आता तिथल्या एका कॉलेजात शिकवत होता. त्याने दार उघडले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले.

“मी तुझं वाटोळं केलं,” वसुधा म्हणाल्या.

“राग आला होता. नाही कसं म्हणू?” तो म्हणाला. “पण एक सांगा ताई. माझ्यावर संशय आला, त्या दिवसांत तुम्ही काय वाचत होतात?”

वसुधांनी आठवून पाहिले. त्या आठवड्यात ‘सहाध्यायी’ रोज वर आणून ठेवत असे ते लेख: प्रयोगशाळेतून कल्पना फुटतात कशा, विश्वासातली माणसे दगा देतात कशी. त्यांनी एकूण एक वाचले होते.

“संशय आला म्हणून मी ते वाचलं,” त्या म्हणाल्या.

“की वाचलं म्हणून आला? तुम्ही माझ्याकडे बघत होतात, तोवर ‘सहाध्यायी’कडे कुणी बघितलं नाही.”

वसुधांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मी इथं आहे हे संस्थेत कुणालाच सांगितलं नव्हतं,” शशांक हळूच म्हणाला. “तुम्हाला कुठून कळलं?”

त्या सकाळी फोनवर ‘सहाध्यायी’ उघडल्यावर सर्वांत वर त्याचा फोटो होता. खाली कॉलेजचे नाव आणि एक ओळ: या जुन्या सहकाऱ्याशी बोलायचे राहून गेले आहे का?

“मी आपल्या मनानंच आले,” वसुधा म्हणाल्या, आणि ते वाक्य स्वतःला तरी खरे वाटते का, हे ऐकत राहिल्या.