उसनी गिट्टी

चुडाव्याच्या घरून काम करायची परवानगी मला महिनाभराच्या बोलीवर मिळाली होती. पहिलं काम आज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं, नाहीतर सोमवारी पुण्याला हजर व्हायचं. आई गेल्यापासून बाबा एकटेच. वरणात दोनदा मीठ घालतात आणि "आज बरं झालंय" म्हणत खातात. त्यांना तसं सोडून जायला माझा जीव होत नव्हता.

नेमकं आजच दुपारी बाराला माझ्या कोड लिहायच्या एडिटरला गिट दिसेनासं झालं.

गिट म्हणजे कामाची नोंद ठेवणारा प्रोग्राम. काय बदललं, कुणी बदललं, किती वाजता, सगळं लिहून ठेवतो. जुनी आवृत्ती जपतो आणि मागाल तेवढ्या हुबेहूब प्रती काढून देतो. त्याच्याशिवाय काम पुण्याला जाणार नव्हतं, आणि एडिटरला गिटशी जोडणारं एक्स्टेन्शन एकच पालुपद लावून बसलं होतं, गिट सापडत नाही. मी सेटिंग तपासलं, सगळं काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप चारदा बंद-चालू केला. साडेतीनपर्यंत त्या एक्स्टेन्शनच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता.

"काय हुडकायलीस गं कवापासून?" बाबांनी विचारलं.

"गिट सापडंना, बाबा."

"गिट्टी? ती घरात कशी सापडल? ती रुळाला असती."

बाबा म्हणजे सिद्धोधन गँगमन. एकतीस वर्षं रुळाखाली गिट्टी भरण्यात गेली, त्यांना दुसरं काय ऐकू येणार? मी हसून हसून बेजार. समजावून सांगेपर्यंत ते चपला घालून बाहेर पडलेसुद्धा. वीस-पंचवीस मिनिटांनी आले आणि माऊसशेजारी एक काळा दगड ठेवला. एका कडेला टवका उडालेला, वर पांढऱ्या रंगाचा ठिपका.

एडिटरच्या कोपऱ्यातलं विझलेलं चिन्ह निळं झालं. गिट सापडलं होतं.

मी इंजिनिअर आहे. दगड उचलला, चिन्ह गेलं. ठेवला, आलं. असं तीनदा केलं. मग अंगणातला दुसरा दगड आणून ठेवला, त्याला एक्स्टेन्शनने भीक घातली नाही. कारण उद्या शोधू म्हटलं आणि पावणेपाचला काम पाठवून मोकळी झाले.

बाबांची छाती फुगली होती, पण त्यांचा एक डोळा दगडावर होता. अख्ख्या नोकरीत त्यांनी रेल्वेचा एक खडा घरी आणला नव्हता. ही उसनी आणलीय, म्हणाले, जिथली तिथं ठेवून येतो. मी आधी चहा घ्यायला लावला. आम्ही बाजेवर बसून चहात खारी बुडवत होतो तेव्हा मालगाडी गेली, कपातला चहा थरथरला. मी सवयीने घड्याळ पाहिलं, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

साडेपाचला बाबा दगड घेऊन निघाले. सहाला पाच कमी असताना परत आले. दगड हातातच होता.

दुपारी दगड उचलला तिथं खळगा पडला होता, तो आता भरलेला होता, म्हणाले.

"हीच गिट्टी हाय तिथं, शुभदा. ह्योच टवका, ह्योच ठिपका."

तिथल्या रेल्वे फाटकावरचे लिंबाजीकाका उलट त्यांनाच हसले होते.

"म्हनला, मालगाडी गेली तवाच तर ठिवून गेलास की. इसरायलास का काय?"

बाबा बाजेवर टेकले. दगड त्यांनी मांडीवर ठेवला.

फोन वाजला. माझ्या वरिष्ठ राजनंदिनी मॅडम. काम छान झालंय, आता खुशाल गावीच राहा, म्हणाल्या. मला नाचावंसं वाटलं.

"फक्त एक सांग, हे सिद्धोधन कोण?" त्यांनी विचारलं. "तुझ्या कामाखाली त्यांच्या दोन नोंदी आहेत. पाच-दहाला, 'परत ठेवली.' आणि पाच-पन्नासला, 'घरी निघालो.'"

फाटकापासून घर दहा मिनिटांवर आहे. सहा वाजत आले होते.

मी फोन ठेवला. बाबांना फक्त राहायचं पक्कं झाल्याचं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"लय बरं झालं. आता म्या एकटा न्हाई."

बाहेर कुणीतरी पायरीवर चपला झटकल्या. दोनदा, बाबा झटकतात तशा.

बाबांच्या चपला दाराच्या आत होत्या.

ते दाराकडे बघत राहिले. मग बाजेवर जरा सरकले आणि शेजारी जागा केली.