मोठ्या आजीच्या गळ्यातलं नाणं

"काका, थांब! पाकीट चिकटवू नकोस!"

यशोधरा स्वयंपाकघरातून धावत आली. महेंद्रकाकाने पाकिटावर चिकटपट्टी ओढायला घेतली होती. आत काय होतं ते यशूला न विचारताच कळलं होतं. मोठ्या आजीचं नाणं!

"अरे साईं, आरडाओरडा कशाला?" काका म्हणाला. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात नोकरीला लागल्यापासून त्याच्या तोंडात तिथल्या सिंधी लोकांचं हे 'साईं' बसलं होतं. "गिऱ्हाईक मिळालंय! रील बघितलं, फोटो पाठवला, पाच मिनिटांत उत्तर! म्हणे, लाखोंचं नाणं आहे. कुरिअर करायचं, बस्स."

"पण ते माझं आहे ना!"

"तुझंच गं! पण आईचे गुडघे कोणाचे? दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होईल यात."

 काका काही वाईट माणूस नव्हता. उलट घरात आजीवर, म्हणजे त्याच्या आईवर, सगळ्यात जास्त जीव त्याचाच. फक्त त्याचं डोकं मोबाइलच्या आधी कधी धावत नसे, एवढंच.

मोठी आजी, म्हणजे यशूच्या आजीची थोरली बहीण भिमाबाई. ती बेलवलीला राहायची. थंडीत ती गेली. जाण्याआधी तिने गळ्यातलं नाणं काढून यशूच्या हातात दिलं होतं. रुपयापेक्षा चांगलं मोठं, जाडजूड, भोवती चांदीचं कोंदण आणि वर दोरा ओवायला कडी. "हे माझ्या बाबाचं," एवढंच ती म्हणाली होती.

यशूने आजीकडे पाहिलं. सुंदराबाई खिडकीजवळ मेथी निवडत होती. "देऊन टाक बाळा," ती म्हणाली, "काका म्हणतोय तर." पण मेथीची पानं देठांत आणि देठं पानांत पडत होती, ते यशूने बरोबर टिपलं.

"संध्याकाळपर्यंत थांब काका! प्लीज!"

"बरं बाई! पण सहाला कुरिअरवाला बंद करतो हां!"

यशू नाणं मुठीत आणि गिऱ्हाइकाचा पत्ता, नंबर लिहिलेलं पाकीट काखेत घेऊन जी सुटली ती थेट गच्चीवर. तिथे शेजारचा अवधूत आणि सुट्टीला आलेला तिचा आतेभाऊ विक्रांत टाकीच्या सावलीत पत्ते कुटत बसले होते.

"इमर्जन्सी!" ती धापा टाकत म्हणाली.

सगळं ऐकून अवधूत म्हणाला, "पाच मिनिटांत लाखोंचा भाव? माझे बाबा भेंडी घेतानासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लावतात! त्या माणसाची परीक्षा घेऊ या."

"कशी?"

अवधूत खाली पळाला आणि शाळेच्या बँडचा कोट घेऊन आला. कोटाचं पितळी बटण त्याने रुमालावर ठेवलं, टाका दिसणार नाही असा फोटो काढला आणि आईच्या फोनवरून पाकिटावरच्या नंबरला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'पणजोबांचं नाणं आहे. काही किंमत येईल का?'

तिघं डोळे वटारून फोनकडे बघत बसले. टिंग!

"'बहुत रेअर कॉइन है सर!'" विक्रांत मोठ्याने वाचू लागला. "'लाखों में जाएगा! आज ही कुरिअर करो. सर्टिफिकेट की फीस पहले भेजना.' अरे देवा! अवध्या, तुझा कोट तर कोटींत जाईल!"

हसून हसून तिघांची पोटं दुखली. पण यशू मध्येच थांबली. "तो चोर आहे हे कळलं. पण मग हे नाणं कशाचं?"

तिने ते उन्हात धरलं. एका बाजूला मुकुट घातलेला राजा. दुसऱ्या बाजूला चक्क हिंदुस्थानचा नकाशा, वर 'इंडिया' आणि खाली आकडे.

"एक सांग," ती म्हणाली, "नाण्यावर किंमत नको? एक आणा, एक रुपया, काहीतरी? यावर कुठेच नाही!"

"आणि सालं दोन कशाला?" विक्रांतने डोकं पुढे घातलं. "१९३९–४५. नाणं काय सहा वर्षं पाडत बसले होते?"

"दुसरं महायुद्ध!" अवधूत ओरडला. "इतिहासात आहे! अरे, हे नाणंच नाही. पदक आहे, पदक! सैनिकाला देतात ते!"

विक्रांतने फोनवर शोधलं. हुबेहूब तोच नकाशा, तोच राजा. महायुद्धाच्या वेळच्या सैनिकांचं पदक!  यशू तशीच खाली धावली.

"आजी! तुझे बाबा पलटणीत होते का गं?"

आजीच्या हातातली जुडी मांडीवर पडली. 

"ताई म्हणायची तसं," ती म्हणाली. "मी आईच्या पोटात असताना ते तापाने गेले. मी बघितलेच नाहीत. फोटो नाही, कागद नाही. घर एकदा पुरात गेलं, त्यात सगळं गेलं. भावकीतले लोक हसायचे. म्हणायचे, कसली पलटण! भीमराव बायकापोरांना टाकून मुंबईला पळाला होता, तिथंच हमाली करायचा. ताई भांडायची. मी गप्प बसायची. मला काय माहीत गं, खरं काय ते?"

आजीला इतकं हळू बोलताना यशूने कधी ऐकलं नव्हतं. 

मागोमाग आलेल्या अवधूतने पुढे केलेल्या फोनवर काकाने आधी बटणाचं प्रकरण वाचलं आणि कपाळावर हात मारला. "मला उल्लू बनवत होता तो! मी फी पण पाठवणार होतो रे!" मग पदकाचं ऐकून तो म्हणाला, "पण यशू, असली पदकं जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. आपल्याच आजोबांचं कशावरून?"

प्रश्न बरोबर होता, आणि म्हणूनच फार टोचला.

यशूने चिडून पदक टेबलावर आपटलं. खुळ्ळ! तिने ते कानाशी नेऊन हलवलं. कोंदण झिजून सैल झालं होतं आणि आतली चकती हलत होती. फटीतून काहीतरी दिसलं. रेषा? छे, अक्षरं!

"काका! कडेवर काहीतरी लिहिलंय! कोंदणाच्या आत!"

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. कोंदण काढल्याशिवाय वाचता येणार नव्हतं. पण ते कोंदण काढायचं कसं? मोठ्या आजीने ते जन्मभर गळ्यात वागवलं होतं. यशू आजीसमोर गुडघ्यांवर बसली.

"आजी, तू नाही म्हणालीस तर नाही काढणार. शपथ. आणि आत दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं तर..."

"तर भावकी खरी," आजी म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला. "चल. मी पण येते. जे असेल ते माझ्यासमोर निघू दे."

विक्रांतच्या घराजवळ, अंबरनाथ पश्चिमेला, श्यामकांत सराफांचं दुकान होतं. कात्रपला घराजवळूनच रिक्षा केली. आजी आणि यशू मागे, त्यांच्या शेजारी कसाबसा विक्रांत, आणि काका अवधूतला घेऊन स्कूटरवर. वाटेत आजीने यशूचा हात असा घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली, पण यशूने तो सोडवला नाही.

सराफांनी चष्मा चढवला. "गावाकडची पद्धत ही. रुपया, पुतळी, जे हाती येईल त्याला कोंदण करून पोरीच्या गळ्यात घालायचे. कोणी केलं हे?"

"आईनं. ताईसाठी. बाबा गेल्यावर," आजी म्हणाली. "आमच्या घरात इंग्रजी कोण वाचणार? आईला वाटलं, राजाचं नाणं आहे."

म्हणजे बघा! ज्या माउलीने नवऱ्याची आठवण जपायला पदक कोंदणात बसवलं, तिनेच त्याचं नाव झाकून टाकलं होतं. आणि लेक ते नाव गळ्यात घालून जन्मभर भावकीशी भांडत राहिली!

बारीक चिमट्याने सराफांनी कोंदण उकललं. टक्! चकती मखमलीवर पडली. यशूने भिंग घेतलं आणि कड फिरवत वाचू लागली.

"आधी लांबलचक नंबर... मग शिपाई... मग भी... भीमराव!"

"हुर्रे!" अवधूत आणि विक्रांतने उडीच मारली.

"थांबा रे," यशूचा आवाज चिरका झाला. "पुढे आजीच्या माहेरचं आडनाव नाही. पुढे लिहिलंय, गोदू. भीमराव गोदू, महार रेजिमेंट."

 काकाने हळूच आजीच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मनाला लावून घेऊ नकोस. भीमराव काय, खूप असतील. हा गोदूंचा कुणीतरी..."

"अरे गप, येड्या!" आजी कडाडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती! "गोदू माझा आजा! बाबांचा बाप! तेव्हा आडनाव कोण विचारत होतं आम्हाला? बापाचं नाव लावायचे. भीमराव गोदू! तेच ते! माझेच बाबा!"

मग काय विचारता! काकाने यशूला उचलून गरकन फिरवलं. सगळी हकीकत ऐकून सराफांनी पोरांसाठी उसाचा रस मागवला आणि म्हणाले, "शाबास रे! मोठ्यांनी विकायला काढलेलं तुम्ही घरात राखलंत!"

"कोंदण पुन्हा बसवून द्या," काका म्हणाला, "पण कड दिसेल असं. आणि गुडघ्यांचं मी बघतो आई, रील न बघता!"

"अन् त्या आनंदाला फोन लाव," आजी म्हणाली. आनंदा म्हणजे तिचा चुलतभाऊ, भावकीत सगळ्यात जास्त हसणारा. काकाने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"जय भीम आनंदा. सुंदरा बोलते. माझा बाप पळाला नव्हता. पलटणीत होता. नाव कोरलेलं माझ्या हातात आहे. ये आणि वाचून जा!"

 पलीकडून आनंदा चाचरत म्हणाला, "येतो अक्का. उद्याच येतो."

आजीने फोन ठेवला आणि पदक तळहातावर घेतलं. "बरं झालं गं पोरी, संध्याकाळपर्यंत थांबवलंस," ती यशूला म्हणाली. मग यशूचं बोट धरून तिने ते कडेवरच्या अक्षरांवर ठेवलं. "कुठून कुठपर्यंत आहे नाव? दाखव मला."

यशूने दाखवलं. आजीने त्या तेवढ्याच जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. शहात्तर वर्षांत जी हाक मारायला तिला कुणी मिळालं नव्हतं, ती तिने अगदी हळू मारली.

"बाबा."