जित्या माणसाची घागर

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

म्हणूनच इतके दिवस गप्प होतो.

तारीख पक्की आठवते. गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तीस एप्रिल, बुधवार. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला एक दुमजली घर आहे, त्याच्या खालच्या खोलीत हे घडलं. तेही रात्री नाही. भर दुपारी.

तिचं नाव दीपमाला. सासर धुळ्याचं. नवरा लीलाधर. तो हात उचलणारा नव्हता, दारूलाही शिवत नव्हता. पण तीन-तीन महिने बोलायचाच नाही. घरात असून नसल्यासारखा. दहा वर्षं तिनं भिंतीशी संसार केला आणि शेवटी आठ वर्षांच्या सपनाला घेऊन जळगावला आली. डाळमिलमध्ये पॅकिंगचं काम मिळालं.

घर मात्र मिळेना.

माझ्या गाडीवर मागे बसून तिनं अर्धं जळगाव पालथं घातलं. खोली परवडणारी असली, पसंत पडली, की घरमालकीण हमखास विचारायची, "मिस्टर काय करतात?"

दीपमाला खरं सांगायची. "वेगळे राहतो आम्ही."

झालं! लगेच खोली पाहुण्यांसाठी लागायची, नाहीतर रंग द्यायचा निघायचा. एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, "नवऱ्याला सोडून आलेली बाई नको. आमच्याकडे पोरी लग्नाच्या आहेत."

दीड महिना हेच. सपना वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी दप्तर ठेवायची आणि मायलेकी मिलमधल्या एका बाईकडे पडवीत झोपायच्या.

नशिराबादच्या हायवेवर आम्ही चहाला थांबलो होतो. दीपमाला कपाकडे बघत रडत होती. तेव्हा मी बोललो.

"नवरा वारला म्हणून सांग ना. विधवेला कोणी नाही म्हणत नाही."

तिनं कप खाली ठेवला. "हेमराजभाऊ, जिता आहे तो."

"धुळ्याला आहे. इथे कोण बघायला येतंय?"

युक्ती माझी होती. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

दुसऱ्याच दिवशी बेबाबाई भेटल्या. पारोळ्याकडच्या, साठीच्या, एकट्या. कपाळ मोकळं. दीपमालानं कुंकू पुसलं होतं, हातातल्या बांगड्या पर्समध्ये ठेवल्या होत्या.

"नवरा वारी गया? अरे माय वं! इतली लहानी पोर शे..." बेबाबाईंनी सपनाला जवळ ओढलं. "खोली तुनीच शे. जे जमी ते दे."

पोरीलाही शिकवावं लागलं. कोणी विचारलं तर पप्पा देवाघरी गेले म्हणायचं. सपनानं एकच विचारलं, "मग रविवारी फोन कोणाचा येतो म्हणू?"

"फोन गच्चीवर जाऊन घ्यायचा," दीपमाला म्हणाली. पण डोक्यावर छप्पर आलं होतं. दोन महिने बरे गेले.

मग आखाजी आली.

खान्देशात आखाजी म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. पोरीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि पितरांना पाणी देतात. नवी मातीची घागर भरायची, तिच्यावर लोटी, लोटीवर डांगर, म्हणजे खरबूज. सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि एकेका पितराचं नाव घ्यायचं. ते त्यांना आवतण असतं.

सकाळी सातलाच बेबाबाई दोन घागरी घेऊन दारात उभ्या. एक त्यांच्या नवऱ्याची.

"पहिली आखाजी शे ना त्यानी? घागर भरनी पडी. घरमा पानी नही भेटनं तर तो दारोदार हिंडस, माय."

नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणणार?

तिनं घागर भरली. सगळ्यांकडे पाठ करून भरली. बेबाबाईंना वाटलं, दुःखानं.

"आते पोरना हातनं बोट उमटू दे. नाव ली, बेटा. नाव घेवाशिवाय कसा येई तो?"

सपनानं आईकडे पाहिलं. दीपमालानं मान खाली घातली. तिनं पोरीला थांबवलं नाही. नंतर हे सांगताना ती दर वेळी इथेच अडकायची.

पोरीनं कुंकवात बोट बुडवलं. उंबरठ्यावर टेकवलं.

"लीलाधर," ती म्हणाली. मग हळूच, "पप्पा, या."

दुपारी पारा पंचेचाळीसला होता. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. बेबाबाई वर झोपल्या होत्या. सपना पुरणपोळी खाऊन कूलरसमोर आडवी झाली होती. दीपमाला जागी होती.

मग लाईट गेली. कूलर थांबला.

त्या शांततेत तिला आवाज आला...

गट... गट... गट...

कोणीतरी पाणी पीत होतं. घाईघाईनं. उन्हातून चालत आलेला माणूस पितो तसं.

तिनं मान वळवली. दाराला आतून कडी होती. कोपऱ्यात घागर जागच्या जागी होती. वरची लोटी हललेली नव्हती, डांगर हललेलं नव्हतं.

आवाज थांबला. नंतर एक मोठा श्वास...

पाणी संपल्यावर लीलाधर असाच श्वास सोडायचा. दहा वर्षं ऐकलेला श्वास होता तो. बोलायचा नाही ना, त्यामुळे तिला त्याचे असेच आवाज माहीत होते.

ती उठली. डांगर बाजूला केलं, लोटी उचलली.

घागर निम्मी झाली होती. खाली फरशी कोरडी ठणठणीत.

संध्याकाळी फोन वाजला. लीलाधर. रविवारशिवाय कधीही फोन न करणारा माणूस.

"सपना बरी आहे ना?" आवाज घोगरा होता. "सकाळी तिनं हाक मारली असं वाटलं. मी दारापर्यंत जाऊन आलो."

दीपमाला एवढंच म्हणाली, बरी आहे.

"आणि दुपारपासून घसा सुकलाय नुसता. माठ रिकामा केला, तरी तहान भागतच नाही..."

दहा वर्षांत तो तिच्याशी सलग इतकं कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं उंबरठा घासला. साबणानं, मग राखेनं. बेबाबाईंच्या पितरांची बोटं गेली. सपनाचं बारकं बोट गेलं नाही. धीर करून तिनं बेबाबाईंना विचारलं, "अक्का, कोणी चुकून जित्या माणसाची घागर भरली तर हो?"

बेबाबाई हसल्या. "असं कोन करी माय?" मग विचार करून म्हणाल्या, "पन बलावं तर येईच ना तो. जित्ता राहो का मरेल. मंग त्याच उंबरठावर, चार लोकेसमोर सांगनं पडी, तू जित्ता शे, माघारी जाय."

चार लोकांसमोर. म्हणजे बेबाबाईंसमोर. म्हणजे खोली गेली.

ती धावत माझ्याकडे नशिराबादला आली. घागर आणखी उतरली होती. लीलाधरचा पुन्हा फोन आला होता. "भाऊ, मी सांगून टाकते. खोली गेली तर गेली."

आणि मी शहाणपणा केला. "उन्हाळा आहे, मातीची घागर झिरपणारच. त्याला म्हणावं, शुगर तपास. आता मे महिन्यात पोरीला घेऊन कुठे जाशील? जून लागू दे, शाळा सुरू होऊ दे, मग सांग."

ती गेली. तिनं सांगितलं नाही.

रविवारी सपना फोन घेऊन गच्चीवर बसून राहिली. फोन आला तो धुळ्याहून दिराचा आला. लीलाधर दुपारी स्वयंपाकघरात पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. असेलही. त्या आठवड्यात उन्हानं आणखीही माणसं गेली होती.

पण त्याच्या हातात तांब्या होता. काठोकाठ भरलेला.

दीपमाला धुळ्याला जाऊन आली. बेबाबाईंना सांगितलं, नात्यात लग्न आहे. परत आली तेव्हा तिच्या अंगावर काहीच बदललं नव्हतं. पुसायला कुंकू नव्हतं, फोडायला बांगड्या नव्हत्या. ते सगळं तिनं आधीच उरकलं होतं.

"लगीन कसं झायं?" बेबाबाईंनी विचारलं.

"चांगलं झालं, अक्का."

आणि तिनं पिशवीतून बुंदीचा पुडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. बसस्टँडवर उतरल्यावर आठवणीनं विकत घेतला होता. हे तिनं मला सांगितलं, तेव्हा मला तिच्याकडे बघवलं नाही.

यंदाची आखाजी आली. आता घागर खरी होती. दीपमालानं ती मनापासून भरली, हात जोडून माफी मागितली. सपनानं बोट उमटवलं, नाव घेतलं.

घागर तीन दिवस भरलेलीच राहिली. मातीची नवी घागर, एवढं ऊन... एक थेंब कमी झाला नाही. बाहेरून ओलीसुद्धा झाली नाही.

"पप्पा आपल्याकडे पाणी पीत नाहीत आता," सपना म्हणाली.

मला हे फोनवर कळलं, तेव्हा मी माझ्याच दारात उभा होतो.

आमच्याकडे आखाजीला तीन बोटं उमटवतात. आबा, आजी आणि थोरले काका. यंदा उंबरठ्यावर चार होती.

चौथं बारकं होतं. लहान पोरीच्या बोटाएवढं. आमच्या घरात लहान मूल नाही.

आणि आमची घागर... आखाजीच्या दिवशी दुपारी बारालाच रिकामी झाली होती.

आता एक राहिलेलं सांगतो. दीपमाला खोली शोधत होती तेव्हा मी सगळ्यांना म्हणालो होतो, आमच्याकडे जागा नाही. जागा होती. मागची खोली रिकामीच होती, आजही आहे. लोक काय म्हणतील, म्हणून मी त्या खोलीचं नाव काढलं नाही. नवऱ्याला सोडून आलेली बाई...

ते बोट अजून गेलेलं नाही. मी रोज दुपारी मागच्या खोलीत तांब्याभर पाणी ठेवून दार ओढून घेतो.

संध्याकाळी तांब्या उचलायला मात्र बायकोला पाठवतो. ती विचारते, रोज एवढं पाणी कोण पितं?

मी म्हणतो, उन्हाळा आहे.